‘परहॅप्स’चे मार्क

गेल्या सेमिस्टरला वर्गातल्या डिबेटमध्ये मी जिंकलो आणि माझा रूममेट हरला. विषय होता, ‘जुनी धरणं दुरुस्त करून वापरावीत का?’ मी कॉन्व्हेंटवाला. तो मुठा खोऱ्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम. टेमघर धरण त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. 2016 साली याच धरणाची गळती राज्यभर गाजली होती आणि नंतर तिथे ग्राउटिंगचं काम झालं.

साहेब माइकसमोर म्हणाले, ‘लीकेज इज स्टॉप्ड. डॅम इज हंड्रेड पर्सेंट सेफ.’ परीक्षकांचा शेरा आला : ओव्हरकॉन्फिडंट. मी मात्र ‘परहॅप्स’, ‘इट सीम्स’, ‘वन माइट से’ करत मार्क घेऊन गेलो. खरं सांगतो मित्रांनो, टेमघर नकाशात कुठे आहे हेही मला तेव्हा दाखवता आलं नसतं.

रात्री मेसमध्ये तोच गडी म्हणाला, ‘‘अरे, गळती बरीच कमी झाली असावी. पूर्ण थांबली असं लोक म्हणतात. पण धरण भरल्यावर किती पाणी झिरपतंय ते मोजल्याशिवाय कसं सांगणार?’’

म्हणजे सावधपणा त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होता. इंग्रजीत शिरताना तो दारातच राहिला. आपल्या मराठीत खात्री-शंका क्रियापदाच्या शेपटीला असते. ‘पाऊस पडला असावा’ म्हणजे अंगण ओलं दिसतंय. ‘पडला म्हणे’ म्हणजे कोणीतरी सांगितलं. ‘पडलाच’ म्हणजे वाद संपला. हे सगळं आपण न शिकता बोलतो. इंग्रजीत मात्र ‘मे’ आपल्याला ठाऊक तो ‘मे आय कम इन सर?’पुरता! मग उरतं काय? ‘इज’ आणि ‘डेफिनेटली’.

हे फक्त आपलंच दुखणं नाही. हायलंड आणि मिल्टन या दोघा अभ्यासकांनी 1997 साली हाँगकाँगच्या आणि ब्रिटिश विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध ताडून पाहिले. हाँगकाँगची मुलं जास्त ठाम विधानं करत होती आणि मोजक्याच शब्दांवर भागवत होती. त्या मुलांनाही घरच्या भाषेत शंका येत नसतील असं थोडंच आहे!

परीक्षकांचंही चुकलं असं म्हणवत नाही. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्या पुण्याच्या पोरानं धरणाला ‘हंड्रेड पर्सेंट सेफ’ म्हणावं हे कानाला खटकणारच. माझा आक्षेप माझ्याच मार्कांवर आहे. माझं ‘परहॅप्स’ फुकटचं होतं. त्यामागे ना मोजमाप, ना माहिती, नुसती शाळेत लागलेली सवय. आणि अशी सवय उद्या साइटवरच्या रिपोर्टमध्ये शिरली तर ती ठाम बोलण्याइतकीच महागात पडेल.

म्हणून सुचवतो, पुढच्या डिबेटला प्रत्येक वक्त्याला शेवटी एकच प्रश्न विचारा : ‘कशावरून?’ उत्तर मराठीत दिलं तरी चालेल असं आधीच जाहीर करा, आणि निम्मे मार्क त्या उत्तराला ठेवा. रूममेटला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘मग तू हरशील बहुतेक.’’