घाम फोडणारे नियम

दिवाळीच्या आठ दिवस आधी आमचे मेहुणे फराळाच्या निमित्ताने घरी आले आणि चकलीला हात लावण्यापूर्वीच त्यांनी एक जाडजूड फाईल माझ्या पुढ्यात टाकली. भोसरीला त्यांचा पंप तयार करण्याचा लहानसा कारखाना आहे. तिथली दहाबारा माणसे पंप बसवायला, दुरुस्त करायला गावोगाव जातात.

"भाऊजी, हल्ली जो तो आपल्या मोबाईलवर तिकीट काढतो आणि बिल माझ्याकडे धाडतो. यांना वेसण घालणारे चार नियम लिहून द्या. भाषा अशी हवी की वाचतानाच घाम फुटला पाहिजे!"

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक येतात ते लग्नपत्रिकेच्या मजकुरासाठी, नाहीतर मानपत्रासाठी. नियमावलीचा मान प्रथमच मिळत होता. मी चष्मा पुसून फाईल उघडली.

मेहुण्यांचा मुख्य राग एका तरुण इंजिनिअरवर होता. त्याने पुणे-चेन्नई विमानाचे तिकीट साडेअकरा हजारांना काढले होते. आधीच्या खेपेला तेच पाच हजारांत मिळाले होते. "बिल अडवून ठेवलंय मी, दोन महिने!" मेहुणे म्हणाले.

मी तारखा पाहिल्या. तिकीट सोमवारी रात्री काढलेले, प्रवास मंगळवारी पहाटेचा. बिलाला एक निरोप जोडलेला होता, खुद्द मेहुण्यांचाच : 'उद्या सकाळी चेन्नई गाठ.' विमानातल्या जागा भरत जातात तसे भाडे चढते. आयत्या वेळचा प्रवासी अडलेला असतो, हे कंपन्यांना पक्के ठाऊक असते. मी महागडी तिकिटे वेगळी काढली. सातांपैकी पाच अशीच 'उद्या नीघ'ची निघाली.

फाईलमध्ये आणखी दोन गळत्या सापडल्या. 'हॉटेल तीन हजारांपर्यंत' असा नियम झाल्यापासून एकही बिल अठ्ठावीसशेच्या खाली आले नव्हते; मर्यादा हाच हक्क ठरला होता. शिवाय तिकिटे प्रत्येकाने स्वतःच्या नावावर काढलेली, कारखान्याचा जीएसटी क्रमांक कुठेच नाही. तो घातला असता तर साध्या वर्गाच्या विमानभाड्यावरचा ५ टक्के कर कारखान्याच्या देण्यातून वजा झाला असता.

"सरकारसुद्धा नियम करतंच की!" मेहुणे म्हणाले.

करते. जून २०२२ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने आपल्या नोकरांना सांगितले : विमानाचे तिकीट २१ दिवस आधी काढा, आपल्या वर्गातले स्वस्तातले निवडा, आणि ७२ तासांच्या आत काढावे लागले तर कारण लिहून द्या. चेन्नईच्या तिकिटाचे कारण कोणी लिहून द्यायचे, एवढाच काय तो प्रश्न होता.

"दादा," आतून चहा घेऊन आलेली ही म्हणाली, "त्या मुलाने ते साडेअकरा हजार भरले कुठून?"

मेहुणे गप्प झाले. स्वतःच्या खिशातून, दुसरे कुठून? कारखान्याच्या कामासाठी पगारदार पोराने मालकाला दोन महिने बिनव्याजी उसने दिले होते, आणि वर उधळ्या ही पदवी मिळवली होती. दिवाळी आठ दिवसांवर होती.

मी नियम लिहिले. एक : प्रवास ठरवणाऱ्याने दहा दिवस आधी कळवावे, उशीर झाल्यास कारण त्यानेच लिहावे. दोन : तिकिटावर कारखान्याचा जीएसटी क्रमांक घालावा. तीन : मर्यादेपेक्षा जे वाचेल त्याचा चौथा हिस्सा वाचवणाऱ्याला मिळावा. चार : बिल आल्यापासून सात दिवसांत पैसे द्यावेत.

मेहुण्यांनी कागद दोनदा वाचला.

"भाऊजी, यात त्यांना घाम फुटण्यासारखं काय आहे?" असे म्हणत त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसले. मग मोबाईल काढून ते गॅलरीत गेले. परत आले तेव्हा साडेअकरा हजार पोचते झाले होते, आणि त्यांनी पहिली चकली उचलली.