घसारा दोराचाही

जमाखर्चात यंत्राचा घसारा दाखवायला आम्ही वाणिज्य शाखेत शिकतो. पण नारळावर चढणाऱ्याच्या दोराचा घसारा कोण लिहितो? केरळातील चेंबेरी जोसेफ यांच्या नावाने ओळखले जाणारे चढण्याचे यंत्र सोपे आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना अशा यंत्रांचे शिक्षण दिले. दोन पायांना दोन चौकटी, प्रत्येकीचा पोलादी तारांचा दोर खोडाभोवती. एका पायावर भार पडला की तो दोर आवळतो. तेवढ्यात दुसरा सैल करून वर सरकवायचा. म्हणजे पावलागणिक सारा जीव एकाच दोरावर! कमरेचा पट्टा हवाच, तोही पुष्कळजण बांधत नाहीत.

मराठीत दोर म्हणा, कन्नडात हग्ग, तो झिजतोच. चढण्यापूर्वी त्यावरून फडके फिरवावे. फडक्याचा धागा अडकला, तर आतली तार तुटली असे समजून दोर बाद करावा. परंतु आपल्या बेळगाव-निपाणीकडे झाडामागे मजुरी ठरवताना नव्या दोराचा खर्च कोणी धरत नाही. मग जुनाच दोर चालतो. माझ्या मते बागमालकाने मजुरीखेरीज दोरापोटी वेगळे पैसे द्यावेत. ते पैसे भलतीकडे जातील, असे कोणी म्हणेल. ठीक आहे, मग दोरच विकत आणून द्या.