नाकात पाहिले का?

सातपूर-अंबडच्या प्लेटिंग शॉपमधली वार्षिक तपासणी कशी उरकते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. व्हॅन येते, बीपी, शुगर, ईसीजी, छातीचा एक्स-रे होतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळे ‘फिट’. हार्ड क्रोमच्या टाकीवर उभा राहणारा आणि ऑफिसात चलने लिहिणारा, दोघांना एकच पॅकेज. टाकीवाल्याच्या नाकात बॅटरी मारून मात्र क्वचितच कोणी पाहते.

आणि क्रोमियम पहिली खूण सोडते ती तिथेच. टाकीत लिटरमागे साधारण 250 ग्रॅम क्रोमिक ॲसिड, तापमान 50-60 अंश. विजेचा जेमतेम 10-20 टक्के भाग क्रोम चढवण्यात जातो, उरलेला मुख्यतः हायड्रोजन काढण्यात. त्याचे बुडबुडे फुटताना ॲसिडचे बारीक तुषार उडतात आणि जिग काढायला कामगार वाकतो तेव्हा त्याचे तोंड नेमके त्यांच्यावर असते. नाकाच्या पडद्यावर आधी खपली, मग व्रण, मग आरपार भोक. हे भोक बहुधा दुखत नाही, त्यामुळे तक्रार येत नाही. खोदून विचारले तर “खपल्या पडतात, कधीमधी रक्त येते” एवढेच. हातमोजा फाटका असेल तर बोटांच्या पेरांवर आणि नखांच्या मुळाशी खोल, गोल कडांचे ‘क्रोम होल’. हे सगळे पाहायला स्पेक्युलम, बॅटरी आणि दोन मिनिटे पुरतात. लॅबसुद्धा लागत नाही.

हवेच्या अहवालावर फार विसंबू नये. लोड कमी आणि एक्झॉस्ट जोरात असताना नमुना घेतला, तोही टाकीपासून दूर, तर आकडा सुरेखच येणार. पंप कामगाराच्या कॉलरवर लागला होता का, हे आधी विचारा. शिवाय 1948 च्या कारखाने अधिनियमातली मर्यादा होती घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम, अमेरिकेने 2006 मध्ये हेक्साव्हॅलंट क्रोमियमसाठी ती 0.005 वर आणली. लघवीतले क्रोमियम मोजायचे तर आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर. सुट्टीनंतरच्या सकाळी घेतलेला नमुना खोटा दिलासा देतो.

खरी गोची कंत्राटाची आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हेक्साव्हॅलंट क्रोमियमला 1990 मध्येच माणसात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. फुप्फुसाचा हा आजार उघडा पडायला दशके लागतात. आणि 1923 च्या भरपाई कायद्याने क्रोमियमच्या आजारांसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांच्या नोकरीची अट घातली. ज्याचा कंत्राटदारच दर काही महिन्यांनी बदलतो, त्याने हे सहा महिने कोणत्या कागदावर दाखवायचे?

क्रोमचा व्रण अधिसूचित आजार आहे. तो दिसला की उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकांना लेखी कळवायचे, असे जुन्या कारखाने अधिनियमाचे कलम 89 सांगत होते. न कळवल्यास दंड होता एक हजार रुपयांपर्यंत. 2020 च्या संहितेतही कळवण्याचे हे बंधन आहे. पुढचा कॅम्प हातचा जाईल, ही भीती आम्हाला कळते. आपल्यापैकी अनेकांची प्रॅक्टिस त्याच कॅम्पांवर चालते. तरीही ‘ॲलर्जिक ऱ्हायनायटिस’ लिहून मोकळे होणे हे निदान नव्हे.

निदान एवढे लगेच करता येईल: हेल्थ रजिस्टरमध्ये ‘हेल्पर’ न लिहिता कोणती टाकी, किती तास, कधीपासून, हे लिहा, नाकाच्या पडद्याची नोंद वेगळी करा, आणि सही-शिक्क्याची एक प्रत कामगाराच्या हातात द्या, कंत्राटदाराच्या नव्हे.