गुरुवारचा चहा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण राहूनच जात होतं. मागच्या आठवड्यात नगरहून मावशीचा फोन आला (नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडून अजून नगरच येतं). इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर तिनं नेहमीचा प्रश्न टाकला, "तिकडं मानवतला तुमच्या उपासनेचं कसं गं? आपल्यासारखं मोठं चर्च नाही, गायनमंडळ नाही, काही नाही. मुलांवर संस्कार कसे व्हायचे?" मी म्हटलं, "दर गुरुवारी आम्ही चहाला जमतो." तिला वाटलं मी विषय टाळतेय. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

ह्यांची बदली झाली आणि आम्ही इथं आलो. नगरहून पाथर्डी, माजलगाव, पाथरी करत येणारा रस्ताच पुढं मानवतवरून परभणीला जातो. कापसाचं गाव. दिवाळीनंतर रस्त्यानं कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की अंगणातल्या तुळशीपासून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत सगळीकडं पांढरे पुंजके चिकटतात. रविवारच्या उपासनेला आम्ही परभणीला जातो, म्हणजे जायचं ठरवतो. मुलांच्या परीक्षा, मे महिन्यातलं ऊन, सासूबाईंचे गुडघे, असं करत करत महिन्यातून दोनदा झालं तरी खूप.

म्हणून गुरुवार. आम्ही पाच घरं. एक नर्सबाई, एक शिक्षक जोडपं, एकट्या राहणाऱ्या एक आजी, जिनिंगमधे कामाला जाणारे एक दादा आणि त्यांची बायको, आणि आम्ही. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून शुक्रवारची रात्र गुरुजींना नको होती. अशा अगदी साध्या कारणानं गुरुवार ठरला. शेजारच्या काकूंना बरेच दिवस वाटत होतं की आम्ही दत्ताचं काहीतरी करतो! पाळीपाळीनं एकेकाच्या घरी जमायचं. एक गीत, बायबलमधला एक उतारा, मग कोणाचं कसं चाललंय ते बोलायचं, प्रार्थना, आणि शेवटी चहा.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हे सगळं तात्पुरतं वाटायचं. मी नगरची ना! अमेरिकन मिशननं 1831 साली जिथं ठाणं मांडलं आणि 1842 साली 'ज्ञानोदय' जिथं सुरू झाला, त्या गावात वाढलेली. उपासना म्हणजे बाक, घंटा, पाळकसाहेबांचा झगा. सतरंजीवर बसून, शेजारच्या टीव्हीचा आवाज ऐकत केलेली प्रार्थना ही गाडी चुकल्यावर जीपनं जाण्यासारखी. पोचतो, पण खरं नाही.

मग एकदा एक गोष्ट ध्यानात आली. मराठी बायबलमधे चर्चला शब्द आहे 'मंडळी'. तोच शब्द आपण "काय मंडळी, जेवणं झाली का?" असा वापरतो. पौलाच्या पत्रांमधे अमक्याच्या घरात जमणारी मंडळी असे उल्लेख बरेच वेळा येतात. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे राहुट्या करून पोट भरणारं जोडपं, त्यांच्याही घरी मंडळी जमायची. म्हणजे सतरंजी आधीची, बाक नंतरचे.

आणि रविवारी दारात पाळकसाहेबांना "बरं आहे" म्हणून हात मिळवून निघता येतं. गुरुवारी ते चालत नाही. आजी चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "डोळे कशानं सुजलेत?" सासूबाई पडल्या, त्यांना परभणीला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा रात्री कोण थांबणार आणि डबा कोण देणार हे मला ठरवावंच लागलं नाही. नर्सबाईंनी वहीच्या पानावर पाळ्या लिहून काढल्या होत्या.

इथं थांबले असते तर मावशी खूश झाली असती. पण पुढचं सांगायलाच हवं, कारण त्यात चूक माझी आहे.

आधी चहाबरोबर बिस्किटं असायची. नाताळ जवळ आला तसा माझ्यातल्या नगरकरणीला हुरूप आला आणि मी सामोसे नि गाजरहलवा केला. पुढच्या गुरुवारी गुरुजींकडं पावभाजी. त्यानंतर नर्सबाईंकडं ढोकळा, वर आईस्क्रीम. मजा यायची, खोटं कशाला बोलू! जिनिंगवाल्या दादांकडची मागची पाळी मुरमुऱ्यांच्या सुशिल्यावर झाली होती, आणि तो सुशिला झकास होता. पण पुन्हा त्यांची पाळी जवळ आली तशी ती दोघं येईनाशी झाली. एकदा पाहुणे होते, एकदा रात्रपाळी होती, मग निरोपही येईना.

आणि आम्ही काय केलं? आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली! त्यांचा विश्वास थंड पडलाय, तो पुन्हा पेटू दे अशी. एकदा नाही, चांगले दोन गुरुवार. प्रार्थना झाल्यावर त्यांचं काय बिनसलं असेल याची चर्चाही केली. आमच्यात हे एक फार सोयीचं असतं. 'प्रार्थनेचा विषय' म्हटलं की कोणाच्याही घरातलं काहीही बोलता येतं.

शेवटी आजी काठी टेकत त्यांच्या घरी जाऊन आल्या. आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "त्यांच्याकडं चार कप बी सारखे नाहीत वो. पोरगं विचारायलंय, आपल्या घरी आईस्क्रीम कधी करायचं. ती काय तोंड घेऊन येईल?"

मला त्या रात्री झोप आली नाही.

प्रभुभोजनाच्या वेळी करिंथकरांस पत्रातला अकरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण तेव्हा वाचतात तो भाग भाकर आणि प्याल्याचा. त्याच्या अगदी आधीच्या ओळी सहसा वाचत नाहीत. पौल तिथं चिडून लिहितो की तुम्ही एकत्र जेवायला जमता आणि एकजण पोट फुटेस्तोवर खातो, दुसरा उपाशी बसतो, ज्यांच्याकडं काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. दोन हजार वर्षांपूर्वीचं करिंथ ते, पण मला त्यात माझ्या सामोशांचा वास आला.

म्हणून माझं मत आता असं झालंय. लहान मंडळी चांगली, पण ती लहान आहे एवढ्यानंच चांगली होत नाही. मोठ्या चर्चमधे कोणी दानाच्या ताटात किती टाकलं, टाकलं की नाही, हे कळत नाही. गर्दी गरिबाची अब्रू झाकते. पाच घरांत सगळं दिसतं. जिथं सुजलेले डोळे दिसतात, तिथंच फुटके कपही दिसतात. त्या दिसण्याचं आपण काय करतो, यावर सगळं आहे.

असं काही पूर्वी कोणी सोडवलंय का, म्हणून शोधत होते तर एक छान गोष्ट सापडली. 1742 साली इंग्लंडात ब्रिस्टलला जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज झालं होतं. ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यायची. कोणीतरी म्हणालं, गरिबांना हेही जमणार नाही. तेव्हा त्यांच्यातल्या एका कॅप्टननं सांगितलं की सगळ्यांत गरीब असे अकरा जण माझ्याकडं द्या, त्यांना जमेल ते ते देतील, उरलेलं मी भरीन. पैसे गोळा करायला घरोघरी जाता जाता माणसांची सुखदुःखं कळू लागली, आणि त्यातूनच मेथडिस्टांचे दहाबारा जणांचे वर्ग उभे राहिले. आपल्या भिशीसारखंच, फक्त ज्याला हप्ता जमत नाही त्याला बाहेर न काढणारं.

आपल्याकडं तर कोणाच्या घरी काय खायचं हाच मोठा प्रश्न होता. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण लक्ष्मीबाई पुढं कितीतरी दिवस सोवळं पाळून आपला स्वयंपाक वेगळा करत. तो गुंता कसा सुटत गेला ते 'स्मृतिचित्रां'त आहे. त्याच टिळकांनी 1917 साली साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. आणि आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईच्या कथेत तर देव येऊन तिच्याबरोबर दळायलाच बसतो. देव घरात येतो तो चुलीजवळ, जात्याजवळ. मग तिथंच आपण माणसाला लाजवलं तर गीतं कितीही सुरात म्हणून काय उपयोग?

असो. आता आमच्याकडं एक पिशवी आहे. तिच्यात स्टीलचे बारा पेले, एक पातेलं, आणि साखर-पत्तीचे डबे. ज्याची पाळी त्याच्या घरी पिशवी जाते. एका डब्यात ज्याला जमेल तो पैसे टाकतो, त्यातून दूधही येतं. चहाशिवाय काही करायचं नाही. पहिल्यांदा नियम मोडायचा मोह मलाच झाला, हेही सांगून टाकते.

आजींबरोबर मीही दादांच्या घरी गेले आणि माफी मागितली. अवघड गेलं. वहिनी म्हणाली, "जाऊ द्या ताई." तीन आठवड्यांनी ती आली. प्रार्थनेत काही बोलली नाही, नंतर पेले विसळायला माझ्या शेजारी बसली. दादा अजून आलेले नाहीत. रात्रपाळी आहे म्हणतात. असेलही. त्यांच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना करणं मात्र आम्ही बंद केलंय.

येत्या गुरुवारी पिशवी त्यांच्याकडं जाणार आहे, वहिनीनं स्वतःच मागून घेतलीय.

तर मावशी, दिवाळीच्या सुट्टीत येणार असशील तर गुरुवार धरून ये. तुझा फराळ मात्र त्या दिवशी पिशवीतून काढू नकोस. आदल्या दिवशी पोचलीस तर घरी आम्ही खाऊ.