सांभर सरोवराला त्याच्या नद्यांचे पाणी मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सदस्य सचिव,
राजस्थान राज्य पाणथळ प्राधिकरण, जयपूर

विषय : सांभरला येणारे पाणी, तळातील बोअर आणि हिवाळ्यातील पक्ष्यांची देखरेख

महोदय,

आम्ही पुण्यातले काही पक्षीनिरीक्षक. हिवाळ्यात सांभरला येतो, रोहित (फ्लेमिंगो) पाहतो आणि परततो. पाहुण्यांनी यजमानाच्या घरात बोलू नये हे खरे, पण १९९० पासून सांभर रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, म्हणून हे धाडस. हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

सांभर नकाशावर दिसते त्या मानाने फारच उथळ. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी कुठे ३ तर कुठे ११. पण चांगल्या पावसानंतरही खोली जेमतेम ३ मीटर आणि उन्हाळ्यात बोटभर. इथून बाहेर पडणारी नदी नाही. पाणी मुख्यतः मेंढा आणि रूपनगढ या नद्या आणतील तेवढेच. ऊन ते उडवते, मीठ मागे राहते. अशा उथळ ताटलीत पाणी वीतभर कमी आले, तर काठ कुठल्या कुठे आत सरकतो. धाकटा रोहित चोच उलटी धरून वरच्या थरातले शैवाल गाळून खातो, थोरला चिखल ढवळून किडे शोधतो. खारेपणाचे गणित बिघडले की दोघांचीही पंगत उठते.

म्हणून पहिली मागणी पाण्याची. पाणलोटात जागोजागी बंधारे झाले आहेत. ते फोडा असे आम्ही म्हणणार नाही. दुष्काळ आमच्याही राज्याला नवा नाही. पण दोन्ही नद्यांच्या मुखाशी पाणी मोजले जावे, आकडे दरवर्षी जाहीर व्हावेत आणि सरोवराचा वाटा ठरवून तो सोडला जावा.

दुसरी मागणी बोअरची. कोरड्या तळावर चालताना मिठाची खपली बुटाखाली करकरते, फुटते आणि खालचा काळा चिखल वर येतो. त्या ठशात खारे पाणी झिरपून साचते. तेच पाणी खासगी पंप मिठासाठी खोलवरून उपसतात. मिठाला आमचा विरोध नाही. सांभरचे मीठ ब्रिटिशांनी १८७० मध्ये सरोवर भाडेपट्ट्याने घेतले त्याच्याही आधीचे. मात्र परवानगीवाचून चालणारे बोअर बंद करून त्यांच्या वीजजोडण्या तोडाव्यात.

तिसरी मागणी सांगताना नोव्हेंबर २०१९ आठवतो. सरकारी मोजणीत १८ हजारांच्या आसपास पक्षी मेले. थापट्या बदकांपासून उचाटे, शेकाट्यांपर्यंत. तपासणीत बोट्युलिझम (जिवाणूंच्या विषाची बाधा) निघाला. या विषाने मान लुळी पडते आणि बदक चार बोटे पाण्यात बुडते. कलेवरातल्या अळ्यांत विष साठते, त्या खाणारा पुढचा पक्षी मरतो. कलेवर लगेच उचलणे हाच ही साखळी तोडण्याचा खात्रीचा उपाय. तेव्हा ऑक्टोबर ते मार्च रोजची फेरी, जाळण्या-पुरण्याची तयारी आणि जवळच उपचार केंद्र कायमस्वरूपी असावे. पक्षी मरू लागल्यावर माणसे गोळा करण्यात दिवस जातात.

ता. क. वजा एक विनंती : पर्यटकांच्या गाड्या सरोवराच्या तळावर नेऊ देऊ नयेत. आमच्या मंडळींनाही हे लागू.

येत्या पावसाळ्यापूर्वी नदीमुखांवर मोजपट्ट्या कुठे बसतील, एवढे तरी लेखी कळवावे.

आपले नम्र,
पुण्यातील पक्षीनिरीक्षक