आभाळातले वेतन, अंगणातले मानधन



बडनेऱ्याजवळच्या एका गावात महिला मंडळाची बैठक होती. विषय होता, दहावीनंतर मुलींनी काय शिकावे. मी वर्तमानपत्रातले कात्रण बरोबर नेले होते. १६ एप्रिल २०२५ ला बेलोरा विमानतळावरून अमरावती-मुंबई विमानसेवा सुरू झाली. वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी प्रशिक्षण संस्था त्याच बेलोऱ्यात काढण्याचे एअर इंडियाने २०२४ सालीच जाहीर केले होते. ‘मग आपल्या पोरींनी का नाही विमान चालवायचे?’ मी उत्साहाने विचारले. मोठ्या कंपनीतल्या कॅप्टनचा पगार महिन्याला पाच लाखांच्या पुढे जातो, हेही सांगितले. बायका आधी हसल्या. मग गावची आशा कार्यकर्ती म्हणाली, “ताई, एवढे पैसे कायचे देतेत?”

मी म्हटले, “कौशल्याचे, शिक्षणाचे आणि जबाबदारीचे. सत्तर माणसांचा जीव त्यांच्या हाती असतो.”

“मंग आमच्या हाती काय ढेकयं असतेत?”

मला उत्तर सुचले नाही. ते शोधण्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी वैमानिकांच्या बाजूने बोलू. त्यांना फुकटचे मिळते असे मला वाटत नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मग लेखी परीक्षा, काटेकोर वैद्यकीय तपासणी आणि किमान २०० तासांचे उड्डाण झाल्यावर व्यावसायिक परवाना मिळतो. पुढे ज्या जातीचे विमान चालवायचे त्याचे वेगळे प्रशिक्षण. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याहून जास्त, आणि तो बहुतेक वेळा घरच्यांनीच उचलायचा. नोकरी लागल्यावरही परीक्षा संपत नाही. तपासणी होत राहते. एखादे दुखणे निघाले तर परवाना जातो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळले, विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ गेले. त्यात वैमानिकही होते. जबाबदारी म्हणजे काय, ते अशा दिवशी कळते. तेव्हा या कामाचे दाम मोठे असावे, हे मला मान्य आहे.

पण दाम खरोखर याच तीन गोष्टींवर ठरते का? २०२० साली टाळेबंदीत विमाने जमिनीवर उभी राहिली तेव्हा अनेक वैमानिकांचे पगार कापले गेले, काहींना बिनपगारी रजेवर पाठवले. त्यांचे कौशल्य एका रात्रीत कमी झाले नव्हते. उलट, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम २०२५ मध्ये लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची उतरणी कमी झाली. त्या डिसेंबरात देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीला वैमानिक पुरेनात आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. शेवटी सरकारने नियमातच तात्पुरती सवलत दिली. म्हणजे दाम ठरते ते कौशल्याने, आणि तितकेच टंचाईने, परवान्याने आणि काम थांबले तर कोणाचे अडते यावरून. वैमानिक नसला तर विमानतळावर ओरड होते, दूरदर्शनवर बातमी येते. आशा घरी पोचली नाही तर एका झोपडीत बाळ गार पडते. त्याची ओरड कोणाच्या कानी जाते?

त्या आशाताईचे काम आता याच तीन कसोट्यांवर लावून बघू. दवाखान्यात बाळंतपण झाले की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी जायचे. बाळाचे वजन, ताप, श्वास बघायचा, धोक्याचे लक्षण ओळखायचे, नाही म्हणणाऱ्या सासूला समजावून गाडी बोलवायची. ही पद्धत गडचिरोलीला ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून सिद्ध झाली आणि पुढे देशभर स्वीकारली गेली. म्हणजे कौशल्य आहे, प्रशिक्षण आहे आणि जबाबदारीही आहे. या सहा भेटींचा मोबदला म्हणून २५० रुपये ठरवण्यात आले. भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचे तर दिवस मोडतो.

शब्दांकडेही बघा. वैमानिकाला ‘वेतन’. अंगणवाडी ताईला ‘मानधन’. आशाला ‘मोबदला’, कारण कागदोपत्री ती स्वयंसेविका. निंदायला जाणारीला ‘रोज’, वेचणीला जाणारीला किलोचा भाव. आणि घरी राबणारीला काहीच नाही. अकोल्याच्या बैठकीत एक मजूर बाई म्हणाली होती, “मान देतेत म्हनून धन देत नाईत.” मी स्वतः एम. एस. डब्ल्यू. झालेली. एका प्रकल्पात पाच वर्षे मानधनावर काम केले. आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापले गेले तेव्हा मी बोलले नाही. सेवेचे पैसे मागायचे कसे, ही लाज मलाही होतीच.

विमानातल्या बायकांनाही सगळे आयते मिळालेले नाही. हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी, चार वर्षांच्या आत लग्न केले तर किंवा पहिल्या गरोदरपणी नोकरी सोडावी लागे. १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची मात्र ठेवली. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त स्त्रिया असलेल्या चमूचे विमान नेले, तेव्हा ती बातमी झाली. आज भारतातल्या वैमानिकांत सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत. जगात हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास. तिथे तास मोजले जातात, ज्येष्ठता मोजली जाते, म्हणून बाईला बाप्यापेक्षा कमी देणे अवघड जाते. अर्थात पगार तासांवर असला की गरोदरपणी जमिनीवर बसलेल्या वैमानिक बाईचे भत्ते जातात, हा तिढा तिथेही आहेच.

मग कायदा आपल्या कामी का येत नाही? १९७६ चा समान वेतन कायदा होता, आता तो वेतन संहितेत सामावला आहे. १९८७ साली मॅकिनॉन मॅकेन्झी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सारख्या कामाला स्त्री-लघुलेखिकेला कमी पगार देता येणार नाही आणि परवडत नाही ही सबब चालणार नाही. पण तुलना करायला शेजारी पुरुष लागतो. आशा तर नियमानेच बाई असते. तिची तुलना कोणाशी करायची? जे काम फक्त बायकांना दिले, ते तुलनेतूनच बाहेर पडले. शेतातही तेच. पुरुषाचे काम ‘जड’, बाईचे ‘हलके’ हे आधीच ठरलेले. दिवसभर वाकून कंबर कोणाची मोडते, हे कोणी मोजत नाही.

मोजायला लावले की फरक पडतो. राज्यातल्या आशा संपावर गेल्या, आझाद मैदानावर बसल्या; मार्च २०२४ मध्ये सरकारने दरमहा ५,००० रुपयांची वाढ दिली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरवाने घर चालत नाही, पण तो पुरावा म्हणून वापरता येतो.

म्हणून माझे म्हणणे असे. वैमानिकाचा पगार कमी करा, ही आपली मागणी नाही. त्याच्या पगाराचे समर्थन ज्या कसोट्यांनी होते, त्याच कसोट्या आशा, अंगणवाडी ताई आणि शेतमजूर बाईला लावा, ही मागणी आहे. शिक्षणाचे दिवस मोजा, कामाचे तास मोजा, चुकले तर काय होते ते मोजा, आणि विश्रांतीही मोजा. रात्री दोनला बाळंतिणीबरोबर गेलेली आशा सकाळी नऊला सर्वेक्षणाला का हजर हवी?

परत निघताना ती आशाताई एस.टी.च्या थांब्यापर्यंत आली. तिची मुलगी दहावीला आहे, गणितात हुशार. गावाजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखा. विज्ञानासाठी अमरावतीला ठेवायचे तर खर्चाचा प्रश्न. म्हणजे विमानाचे दार अकरावीच्या प्रवेशातच बंद होते. ती म्हणाली, “पोरगी पायलट झाली त मले आनंदच हाये, ताई. पन नाई झाली त ती आशाच होईन. मंग तिचं काय?”

प्रवेश जूनमध्ये आहेत. मुलीच्या वसतिगृहासाठी आम्ही धडपड सुरू केली आहे. पण तिच्या आईच्या प्रश्नाला वसतिगृह हे उत्तर नाही. तुमच्या गावात बायकांची कोणती कामे न मोजता पडून आहेत, ते आम्हाला लिहून कळवा. मोजायला आपणच सुरुवात करू.