मूल चंचल, आई आरोपी

गरोदर बाईच्या हातात सिगारेट, शेजारी आदळआपट करणारं मूल आणि खाली ‘आता भोगा’ छापाची ओळ. असली रील्स तुमच्याही फोनवर आली असतील. मला त्यांचा राग येतो. तंबाखूची बाजू घ्यायची आहे म्हणून नाही. ती घेण्यासारखी नाहीच. राग येतो तो अर्धवट विज्ञान आईच्या डोक्यात घालण्याचा.

आधी पक्कं काय ते सांगतो. गरोदरपणी धूम्रपान केलं तर बाळाचं वजन कमी भरतं. दिवस भरण्याआधी जन्मण्याचा धोका वाढतो, पोटात दगावण्याचाही. निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. यात वाद नाही.

वाद पुढच्या वाक्यात आहे: ‘म्हणूनच मूल चंचल आणि आक्रमक निघालं.’ अशा आयांच्या मुलांत हे त्रास जास्त दिसतात, हे खरं. पण मी कोड लिहून पोट भरतो. दोन एरर एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी आली असं मी म्हणालो, तर टीम हसेल. मुलाला त्याच आईकडून जनुकंही मिळतात. घरात पैशांची ओढाताण, ताण, नैराश्यही असू शकतं. हे वेगळं कसं काढायचं?

कार्डिफच्या संशोधकांनी 2009 मध्ये आयव्हीएफनं झालेल्या मुलांचा अभ्यास मांडला. काही मुलं पोटात वाढवणाऱ्या आईच्याच स्त्रीबीजाची, काही दुसऱ्या बाईच्या. आईनं धूम्रपान केलं तेव्हा वजन दोन्ही गटांत घटलेलं होतं. म्हणजे ते धुराचं काम. चंचलपणाचा संबंध मात्र मुख्यतः आई-मुलाचं जनुकीय नातं होतं तिथेच दिसला. स्वीडनमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हाही हा संबंध फिका पडला. धूर मेंदूला निरुपद्रवी आहे, असं यातून ठरत नाही. पण ‘आईनं ओढली म्हणून पोर बिघडलं’ हेही ठरत नाही.

बरं, ही सिगारेटवाली आई आपल्याकडे आहे तरी किती? 2016-17 च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या बायका 2 टक्के होत्या, बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या 12.8 टक्के. महाराष्ट्रात तो तव्यावर भाजलेल्या मशेरीच्या रूपात घराघरांत असतो. मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनी हलकी भरली होती. यावर रील नाही. मशेरी लावणारी बाई ‘मॉडर्न’ दिसत नाही, मग तिला झोडपण्यात मजा कसली? आणि त्याच खोलीत बिडी ओढणारा नवरा तर फ्रेममध्येच नसतो.

दोष देण्याचं एकच फळ हमखास मिळतं: लपवणं. खरं सांगितलं की बोलणी बसणार, हे कळलेली बाई दवाखान्यात सरळ ‘नाही’ म्हणते. मग सोडायला मदत कोण करणार? म्हणून नाव नोंदवतानाच ‘मशेरी लावता का?’ असं थेट, न रागावता विचारा. नवऱ्यालाही बोलवा, त्याच्या बिडीचं विचारा. आणि वर्गात एका जागी न बसणाऱ्या मुलाला शिक्षकांचा वेळ आणि गरज पडली तर डॉक्टर द्या. आरोपी सापडला म्हणून ते मूल शांत बसणार नाही.